जेरुशा : ‘वारसा’ या अर्थाचे एक दुर्मीळ ज्यू स्त्रीनाम

पिस्कॅटवे (न्यू जर्सी) : सारा, रिबेका, रेचल, एस्थर ही हिब्रू स्त्रीनामे जगभर रुळली, ‘जेरुशा’ हे नाव मात्र क्वचितच कानी पडते. या नावाचा एक धागा न्यू जर्सीच्या वसाहतकालीन इतिहासाला स्पर्श करतो, तर दुसरा थेट कोकणातील बेने इस्रायली घराण्यांपर्यंत पोहोचतो.

व्युत्पत्ती

मूळ हिब्रू उच्चार ‘येरुशा’. ‘ताब्यात घेणे’, ‘वारसाहक्काने मिळणे’ असा अर्थ असलेल्या ‘यारश’ या धातूपासून तो सिद्ध झाला. आजच्या हिब्रूतही वारसा किंवा वडिलोपार्जित मालमत्ता यांसाठी ‘येरुशा’ हाच शब्द वापरतात. याकोवचा जेकब आणि योसेफचा जोसेफ झाला, त्याच रीतीने युरोपीय भाषांतून येरुशाची जेरुशा झाली. जेरुसलेमशी असलेले साम्य केवळ ध्वनीचे आहे. त्या नगरनामाची व्युत्पत्ती वेगळी.

हिब्रू बायबलमध्ये ही व्यक्ती जेमतेम एका ओळीपुरती येते. सादोकाची कन्या, यहुदाचा राजा उज्जिया याची पत्नी आणि योथाम राजाची माता, एवढीच तिची ओळख. विशेष हे की, ‘वारसा’ हे नाव मुलीला देणाऱ्या त्या समाजात मुलीचा वारसाहक्क मर्यादित होता. मोशेपुढे उभे राहून पित्याच्या जमिनीत वाटा मागणाऱ्या सलाफहादच्या पाच मुलींची कथा प्रसिद्ध आहे. त्यांची मागणी मान्य झाली; पण मुलगा नसेल तरच मुलीला वारसा, असा नियम ठरला.

अमेरिकेतील प्रवास

बायबलमधील अपरिचित नावेही मुलांना देण्याची प्रथा न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांमध्ये होती. धर्मचिंतक जोनाथन एडवर्ड्स यांच्या एका कन्येचे (1730-1748) नाव जेरुशा होते. मूळ रहिवाशांमध्ये धर्मप्रसार करणारे डेव्हिड ब्रेनर्ड यांची अखेरच्या आजारात तिने शुश्रूषा केली. त्यांच्या कार्यक्षेत्रातील क्रॅनबरी हे गाव पिस्कॅटवेप्रमाणेच आजच्या मिडलसेक्स काउंटीत मोडते. विसाव्या शतकापर्यंत मात्र हे नाव जुनाट ठरले. जीन वेबस्टर यांच्या 1912 च्या ‘डॅडी-लाँग-लेग्ज’ या कादंबरीत अनाथ नायिकेला ‘जेरुशा’ हे नाव एका थडग्यावरून मिळते आणि ती ते टाकून ‘ज्युडी’ होते.

कोकणातील जेरुशा

बेने इस्रायलींनी हिब्रू नावांना मराठी वळण दिले होते : अब्राहमचा आबाजी, सॅम्युएलचा सामाजी. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा, धर्मग्रंथाची मराठी भाषांतरे आणि जॉन विल्सन यांचे 1832 चे मराठीतील हिब्रू व्याकरण यांमुळे या समाजाची मूळ ग्रंथांशी नव्याने ओळख झाली. पुढे इंग्रजी शिक्षणाबरोबर नावांची इंग्रजी रूपेही रुळली. ‘येरुशा’ऐवजी आढळणारे ‘जेरुशा’ हे त्यांपैकीच एक.

या नावाची सर्वांत ख्यातनाम मराठी धारक म्हणजे डॉ. जेरुशा झिराड. 1890 साली शिवमोगा येथे जन्मलेल्या जेरुशाबाईंनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात त्यांनी नाव मिळवले आणि मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा दीर्घकाळ वाहिली. 1925 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ या उदारमतवादी संस्थेच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचे आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावावरून आलेले. म्हणजे नावात हिब्रू वारसा आणि आडनावात कोकणातील गाव. बेने इस्रायली समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. गावांची आडनावे त्याने तिकडेही जपली आहेत.