हत्तीरोग : परजीवी व त्याचे पोषक

वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या सूतकृमीमुळे होणारा व क्यूलेक्स डासांमार्फत पसरणारा रोग. महाराष्ट्रातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते. या डासाला रान लागत नाही, तुंबलेले गटार पुरते. त्यामुळे सोलापुरातला सात रस्त्यासारखा गजबजलेला चौकही त्याला वर्ज्य नाही. प्रौढ मादी कृमी 8 ते 10 सेंमी. लांब असून लसीकावाहिन्यांत राहते. तिची पिले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, प्रामुख्याने रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात आणि क्यूलेक्सही रात्रीच चावतो. म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री घरोघरी फिरून बोट टोचतात, रक्ताचा थेंब काचपट्टीवर जाडसर पसरतात. तोच थेंब दुपारी घेतला, तर बाधित माणूसही निरोगी ठरू शकतो. रुग्णाची साधी तपासणीसुद्धा डासाची सवय ओळखूनच करावी लागते.

निसर्गात या कृमीचा अंतिम पोषक एकटा माणूस आहे. मग संशोधकांनी उंदरांच्या कृमींमागे का लागावे, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. हत्तीपायाची सगळी हकीकत उंदराच्या शरीरात वाचता येत नाही. पण माणसाच्या लसीकावाहिनीतला जिवंत कृमी काढून रोज न्याहाळता येत नाही, हेही तितकेच खरे. अनेक फायलेरिया कृमींच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात, म्हणजे कृमी स्वतःच दुसऱ्या जिवाचा पोषक असतो. उंदरांतील लिटोमोसॉइडीस कृमींवर टेट्रासायक्लिन वापरल्यावर हे जिवाणू नाहीसे झाले आणि कृमी वांझ झाले, असे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यात मुळातच वोल्बाकिया नसतो, त्या अ‍ॅकँथोचिलोनेमा कृमीवर मात्र त्याच औषधाचा परिणाम झाला नाही. ही तुलना निर्णायक होती; दुसरा कृमी हाताशी नसता, तर औषध थेट कृमीवर चालले की जिवाणूवर, हा वाद मिटला नसता. 2005 मध्ये टांझानियातील बाधित माणसांवर टेट्रासायक्लिन गटातल्याच डॉक्सिसायक्लिनचा आठ आठवड्यांत गुण दिसून आला.

डास मारले की काम भागते, हा दुसरा आक्षेप. प्रौढ कृमी शरीरात कित्येक वर्षे जगतो, तेवढा काळ डासांवरचा पहारा एकही दिवस ढिला पडून चालत नाही. कोणत्याही शहराला हे अवघडच. डीईसी (डायइथिलकार्बामाझिन) या कृमिनाशक औषधाच्या गोळ्यांनीही सगळे प्रौढ कृमी मरत नाहीत, म्हणून सार्वत्रिक गोळ्यांची मोहीम वर्षानुवर्षे राबवावी लागते. डॉक्सिसायक्लिन कित्येक आठवडे घ्यावे लागते आणि लहान मुले व गर्भवतींना देत नाहीत. त्यामुळे वोल्बाकियावर थोड्या दिवसांत चालणाऱ्या औषधाचा शोध उंदीर व जर्बिल या कृंतकांतील कृमींवरही चालू आहे.