प्रवासाहून परतल्यावर ताप : कोणती तपासणी, कोणत्या दिवशी?

केरळहून गेलेला एक प्रवासी २००७ च्या जून महिन्यात इटलीत उतरला. दोनच दिवसांनी, रॅव्हेना शहराजवळच्या एका खेड्यात नातेवाइकांकडे असताना, त्याला ताप आला. त्या तापाचा चिकुनगुन्याशी संबंध तेव्हा जोडला गेला नाही. जुलैच्या प्रारंभी गावातील रहिवासी आजारी पडू लागले. ऑगस्टच्या अखेरीस प्रयोगशाळेने निदान केले, पण तोवर साथ चांगलीच पसरली होती. एकूण दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि युरोपात चिकुनगुन्याचा स्थानिक प्रसार प्रथमच सिद्ध झाला. विषाणू प्रवाशाबरोबर आला होता. तो फैलावणारा एडिस अल्बोपिक्टस डास त्या गावात आधीपासूनच होता.

अशा प्रवाशाच्या रक्ताची तपासणी केव्हा आणि कशी करावी, हा प्रश्न त्यानंतर जगभरच्या आरोग्य यंत्रणांपुढे वारंवार आला आहे. थायलंड, सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशस ही ठिकाणे आता मध्यमवर्गीय सहलींच्या यादीत नेहमीची झाली असल्याने आपल्याकडेही तो दूरचा राहिलेला नाही.

विमानतळावर ताप मोजून हे रोग अडवता येतील, अशी अनेकांची समजूत असते. ती फारशी खरी नाही. डेंग्यूचा डास चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः चार ते दहा दिवस जातात. बँकॉकमध्ये शेवटच्या दिवशी डास चावलेला प्रवासी मुंबईत उतरतो तेव्हा ठणठणीत असतो. झिकाची लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना तर कोणतीच लक्षणे जाणवत नाहीत. त्यामुळे प्रत्येक परतणाऱ्याचे रक्त तपासत बसण्यापेक्षा, ताप आलेल्याची तपासणी योग्य वेळी होणे अधिक उपयोगाचे ठरते.

ही 'योग्य वेळ' हाच या विषयातील कळीचा मुद्दा आहे. तापाच्या पहिल्या पाच-सात दिवसांत विषाणू रक्तात असतो. या काळात आरटी-पीसीआर चाचणीने विषाणूचा जनुकीय अंश थेट सापडू शकतो. डेंग्यूच्या बाबतीत 'एनएस-१' हे विषाणूचे प्रथिनही याच दिवसांत मिळते. पाचव्या दिवसाच्या सुमारास शरीर 'आयजीएम' प्रतिपिंडे तयार करू लागते आणि विषाणू रक्तातून ओसरतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी आणि दहाव्या दिवशी केलेली एनएस-१ चाचणी, दोन्ही 'निगेटिव्ह' येऊ शकतात आणि तरीही रुग्णाला डेंग्यू झालेला असू शकतो. अहवालातील एका शब्दावर निर्धास्त होणारे रुग्ण नेमके येथेच फसतात. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, हे प्रयोगशाळेच्या अर्जावर लिहिणे ही औपचारिकता नव्हे. त्यावाचून अहवालाचा अर्थच लावता येत नाही.

दुसरी अडचण प्रतिपिंडांच्या साधर्म्याची आहे. डेंग्यू, झिका, पीतज्वर आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू एकाच कुळातील असल्याने एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीतही प्रतिसाद देतात. आफ्रिकेच्या दौऱ्याआधी पीतज्वराची लस टोचून घेतलेल्या प्रवाशाचा अहवाल यामुळे गोंधळात टाकू शकतो. शिवाय आयजीएम प्रतिपिंडे काही महिने रक्तात टिकतात, त्यामुळे लागण या प्रवासातली की पूर्वीची, हे ठरत नाही. अशा वेळी दहा-पंधरा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन प्रतिपिंडांची पातळी वाढली का, हे पाहतात. किंवा मोजक्याच प्रयोगशाळांत होणारी 'न्यूट्रलायझेशन' चाचणी करावी लागते. बरे वाटू लागल्यावर दुसरा नमुना द्यायला परत येणारे रुग्ण विरळाच, ही गोष्ट वेगळी.

चिकुनगुन्याचा विषाणू निराळ्या कुळातला असल्याने तेथे हा घोळ कमी होतो. मात्र दोन्ही आजारांचा डास एकच असल्यामुळे एकाच रुग्णात दोन विषाणू आढळण्याची शक्यता राहते. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे जुलै २०२१ मध्ये राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण नोंदवला गेला, तेव्हा त्याच रुग्णाला चिकुनगुन्याचीही लागण असल्याचे आढळले होते. आपल्या राज्याला चिकुनगुन्याही नवा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ येऊन गेली होती. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या सर्व चाचण्यांसाठी देशातील प्रमुख केंद्र आहे. शासकीय रुग्णालयांत वापरले जाणारे डेंग्यू व चिकुनगुन्याचे आयजीएम एलायझा संच तीच तयार करते. झटपट निकाल देणाऱ्या 'कार्ड' चाचण्यांपेक्षा एलायझा अधिक विश्वासार्ह मानली जाते.

झिकाची बाब सर्वांत नाजूक. गर्भवतीला लागण झाल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटण्याचा धोका असतो. हा विषाणू रक्तापेक्षा लघवीत अधिक दिवस राहतो, म्हणून दोन्ही नमुने घेतले जातात. लैंगिक संबंधांतूनही तो पसरतो. झिकाचा प्रसार असलेल्या प्रदेशातून परतल्यावर पुरुषांनी तीन महिने व स्त्रियांनी दोन महिने निरोध वापरावा किंवा संबंध टाळावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सहलीहून आलेल्या जोडप्यांना हे क्वचितच सांगितले जाते.

प्रवाशाच्या तपासणीतून कधीकधी तो जेथून आला त्या देशाचीही प्रकृती कळते. २०१३ च्या उन्हाळ्यात जपान फिरून जर्मनीत परतलेल्या एका महिलेच्या रक्तात डेंग्यूची लागण आढळली. जपानमध्ये त्यापूर्वी जवळजवळ सत्तर वर्षे स्थानिक डेंग्यूची नोंद नव्हती. पुढच्याच वर्षी टोकियोच्या योयोगी उद्यानाच्या परिसरातून साथ सुरू झाली आणि दीडशेहून अधिक रुग्ण सापडले.

उलट, केवळ पासपोर्टवरचे शिक्के पाहून तपासणी ठरवणेही धोक्याचे असते. भारतात झिकाचे पहिले तीन रुग्ण अहमदाबादेत आढळल्याचे मे २०१७ मध्ये जाहीर झाले. त्यांपैकी कोणीही परदेशी गेलेले नव्हते. परतून पंधरा दिवस उलटल्यावर ताप आला, तर डेंग्यूचा दोष सहलीला न देता घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीकडे पाहिलेले बरे. हिवतापाचे मात्र तसे नाही. तो काही आठवड्यांनीही डोके वर काढतो. आफ्रिकेतून आलेल्या तापाच्या रुग्णात त्याची रक्ततपासणी त्याच दिवशी, इतर सर्व चाचण्यांच्या आधी करतात, कारण उपचारांना झालेला उशीर जिवावर बेतू शकतो.

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका यांपैकी एकावरही विषाणूचा नायनाट करणारे खास औषध नाही. मग तपासणीचा उपयोग काय, असे विचारले जाते. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच रक्तदाब घसरण्याचा व रक्तस्रावाचा काळ सुरू होऊ शकतो, आणि निदान माहीत असेल तरच त्या दिवसांत लक्ष ठेवले जाते. निदान होईपर्यंत अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. आणि ताप असेपर्यंत, अहवाल हाती आला नसला तरी, रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत झोपावे. एडिस डास दिवसा चावतो, आणि त्या आठवड्यात रुग्णाला चावलेला डास पुढे घरातल्या इतरांना विषाणू देऊ शकतो.