‘होल स्क्वेअर’मधला ‘होल’

सहामाही परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतली एक दुरुस्ती मी एकदा छापखान्याला फोनवरून सांगितली. खिळे जुळवून छपाई करणारा तो छोटा छापखाना होता. “क्ष अधिक एक भागिले दोन,” एवढेच मी म्हणालो. माझ्या मनात ‘क्ष अधिक एक’ हे सगळे आडव्या रेषेच्या वर होते आणि दोन खाली. जुळाऱ्याने ऐकले तसे जुळवले: आधी क्ष, मग अधिक, मग एक छेद दोन. क्षची किंमत ३ धरली तर माझे उत्तर २ येते, छापलेल्याचे साडेतीन. मी उत्तरपत्रिका तपासल्या त्या माझ्या मनातल्या प्रश्नाप्रमाणे. एक मुलगी पेपर घेऊन आली आणि म्हणाली, “सर, छापलंय तेच सोडवलं मी.” गुण दिले, पण ते वाक्य मनातून गेले नाही. जुळाऱ्याची चूक नव्हती. माझ्या बोलण्यात कंस नव्हता.

फळ्यापुढे उभा असताना मी ही चूक कधी केली नसती. तिथे आम्ही सगळेच शिक्षक ‘ए प्लस बी होल स्क्वेअर’ म्हणतो, किंवा ‘अ अधिक ब, कंसाचा वर्ग’. हा ‘होल’ कोणत्याही सूत्रात लिहिलेला नसतो. तो फक्त उच्चारायचा असतो. तो कानांसाठी घातलेला कंस आहे. संगणकावर गणित लिहिण्याचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा त्या इतिहासाच्या मध्यभागी हाच ‘होल’ बसलेला दिसला.

भाषा एका ओळीत चालते, गणित पानभर पसरते. घातांक वर चढतो, निर्देशांक खाली उतरतो, अपूर्णांक दुमजली असतो, वर्गमूळ आपले छप्पर हवे तेवढे लांबवते. धातूच्या खिळ्यांच्या काळात हे सारे कुशल हातांचे काम होते, आणि म्हणून महागही. टंकलेखन यंत्रावर तर आणखी पंचाईत. १९६१ साली आलेल्या आयबीएमच्या ‘सिलेक्ट्रिक’मध्ये अक्षरांचा गोळा बदलून ग्रीक अक्षरे आणि चिन्हे उमटवता येत, तरी अनेक प्रबंधांत जागा मोकळी सोडून चिन्हे शाईने भरली जात. आमच्या शाळेत सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर मी वर्गमुळे टोकदार लेखणीने कोरत असे, ती त्याच जातीची तडजोड.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ब्रायन कर्निहन आणि लोरिंडा चेरी यांनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. त्यांच्या ‘ईक्यूएन’ या प्रणालीचा लेख १९७५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना गणितही येत नाही आणि मुद्रणही येत नाही, अशा टंकलेखकांना ती सहज वापरता यावी, हा त्यांचा हेतू होता. म्हणून सूत्र मोठ्याने वाचताना आपण जसे बोलतो, तसेच ते टंकायचे. अपूर्णांकासाठी शब्द होता ‘ओव्हर’. मात्र ‘क्ष + १ ओव्हर २’ असे टंकले की ती प्रणाली माझ्या जुळाऱ्यासारखीच वागे: फक्त १ रेषेच्या वर जाई. सगळे वर न्यायचे तर ‘क्ष + १’ला महिरपी कंसात घालावे लागे. हा कंस छापील पानावर दिसत नसे. म्हणजे तो ‘होल’च, पहिल्यांदा कळफलकावर आलेला.

दोनच वर्षांनी, १९७७ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉनल्ड क्नुथ यांच्या हाती त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाची नवी मुद्रिते पडली. १९६९ची पहिली आवृत्ती धातूच्या खिळ्यांनी जुळवलेली होती, नवी फोटोटाइपसेटिंगने. तिचे रूप पाहून ते इतके खट्टू झाले की अक्षरजुळणीची प्रणाली स्वतःच लिहायला बसले. तिचे नाव ‘टेक’. वर्षभरात उरकेल असे वाटलेल्या कामाने सुमारे दहा वर्षे घेतली. दुसऱ्या खंडाची ती आवृत्ती १९८१ साली टेकने जुळवून निघाली. चौथ्या खंडाचा पहिला भाग यायला मात्र २०११ उजाडले.

अपूर्णांकासाठी क्नुथ यांनीही ‘ओव्हर’ हाच शब्द ठेवला, पण नियम उलटा. त्यांच्या प्रणालीत ‘ओव्हर’च्या आधीचे सगळे वर जाते आणि नंतरचे सगळे खाली, ते थांबते महिरपी कंसापाशी. तेच शब्द, त्याच क्रमाने. ईक्यूएन जुळाऱ्याची बाजू घेते आणि टेक माझी. नंतर लेझ्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर ‘लाटेक’ उभारले. त्यात अंश एका कंसात, छेद दुसऱ्या कंसात, अशी रीत रुळली आणि संदिग्धता मिटली. आज जगभरचे गणितज्ञ आपले शोधनिबंध बहुतांशी लाटेकमध्ये स्वतःच टंकतात. जुळाऱ्याचे काम लेखकाकडे आले, आणि काय कशाच्या वर आहे हे स्पष्ट सांगण्याची जबाबदारीही.

क्नुथ यांना हवे होते सुंदर पान. पण ते पान घडवताना सूत्राच्या रूपाबरोबर त्याची रचनाही नोंदली गेली. तिचा उपयोग डोळ्यांपलीकडे आहे हे दाखवले पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांनी. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्ण गेली. तरी त्यांनी पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात गणिताची पदवी घेतली, मुंबईच्या आयआयटीत पुढचे शिक्षण घेतले आणि मग ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४ साली त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय होता ‘एस्टर’ ही प्रणाली: लाटेकमध्ये लिहिलेला मजकूर सूत्रांसह वाचून दाखवणारी. घातांक आला की आवाज वरच्या पट्टीत जाई, निर्देशांक आला की खालच्या. ऐकणाऱ्याला सूत्रात हवे तिथे फिरता येई. छेदापाशी जा, अंशाकडे परत ये, असे. ‘होल’ कुठे संपतो ते आवाजाच्या चढउतारावरून कळे. या प्रबंधाला संगणकशास्त्राच्या एसीएम संघटनेचा पीएच.डी. प्रबंधांसाठीचा पुरस्कार मिळाला. एस्टरला छापलेल्या पानाचा उपयोग नव्हता. तिला लागत होते ते पानामागचे महिरपी कंस.

इथे कर्निहन यांच्या २०१९च्या आठवणींतला एक तपशील महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थी असताना ते अंधांसाठी तांत्रिक पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम स्वयंसेवक म्हणून करत. ईक्यूएनची कल्पना सुचण्यात त्या वाचनाचा वाटा असावा, असे त्यांना वाटते. अंधांसाठी वाचताना घडलेली रीत कळफलकावर आली, आणि वीस वर्षांनी एका अंध गणितज्ञाने त्याच जातीच्या खुणांतून गणित पुन्हा आवाजात आणले.

ही रचना जपलीच जाते असे मात्र नाही. वेबवरच्या गणितासाठी १९९८ साली ‘मॅथएमएल’ हे मानक आले. त्यात दोन प्रकारच्या खुणा ठेवाव्या लागल्या, एक सूत्र कसे दिसते यासाठी आणि दुसरी त्याचा अर्थ काय यासाठी. टॅब्लेटने हाताला पुन्हा मोकळीक दिली, पण यंत्रापुढचा प्रश्न तोच राहिला. हस्तलिखित सूत्र यंत्राने ओळखावे, यावर रॉबर्ट अँडरसन यांनी हार्वर्डला १९६८ सालीच प्रबंध लिहिला होता. २०२४पासून आयपॅडवर हाताने बेरीज लिहून बरोबरचे चिन्ह काढले की उत्तर उमटते. मात्र रेघ किती लांब ओढली, यावरून यंत्राला माझा ‘होल’ ताडावा लागतो. आणि मोबाइलवर फिरणारी वहीच्या पानांची छायाचित्रे? त्यांत सूत्र दिसते, पण कंस कुठेच नोंदलेले नसतात. स्क्रीनवरचे वाचून घेणाऱ्या अंध विद्यार्थ्यासाठी तो निव्वळ फोटो असतो.

आपल्याकडे दृष्टिहीन विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. विद्यार्थी सूत्र बोलतो, लेखनिक लिहितो. “क्ष अधिक एक भागिले दोन” असे तिथे कोणी म्हटले, तर लेखनिकाने रेघ कुठून ओढायची? छापलेले पान घेऊन “सर, मी हे म्हटलं नव्हतं” असे दाखवायची सोय त्या विद्यार्थ्याला नसते. वर्गात आम्ही इतकी वर्षे सवयीने म्हणत आलेला तो ‘होल’ मुलांना जाणीवपूर्वक, आकड्यांइतक्याच काळजीने बोलायला शिकवला पाहिजे, असे मला आता वाटते.