गोचीड दिसतो जनावरावर, पण वाढतो गोठ्यात

पाऊस उघडून दमट ऊन पडू लागलं की गोठ्यात गोचिडांचा प्रादुर्भाव वाढतो. कानात, कासेजवळ, मांडीत, शेपटीखाली गोचीड चिकटलेले दिसतात. औषध मारलं की गळून पडतात आणि 2-3 आठवड्यांत पुन्हा तेवढेच दिसतात. औषध भेसळीचं निघालं, असं पशुपालकाला वाटतं. खरं कारण बऱ्याचदा गोचिडाच्या राहणीत असतं.

गोचीड राहतो कुठं?

गोचीड हा रक्तावर जगणारा परजीवी. आपल्याकडं गाई-म्हशींवर मुख्यतः दोन जातींचे गोचीड आढळतात. पहिल्या जातीचा गोचीड पिल्लू असताना जनावरावर चढतो आणि साधारण 3 आठवड्यांत त्याच जनावरावर मोठा होतो. रक्तानं टम्म फुगलेली मादी खाली पडते, फटीत किंवा शेणकचऱ्याखाली 2000 ते 3000 अंडी घालते आणि मरते. दुसरी जात हायलोमा. हा गोचीड मधेच खाली उतरतो, भिंतीच्या फटीत कात टाकतो आणि पुन्हा दुसऱ्या जनावरावर चढतो. गोचिडाची पिल्लं रक्ताशिवाय काही महिनेसुद्धा तग धरतात.

म्हणजे अंगावर दिसतात ते थोडे. बाकीची फौज गव्हाणीखाली, कुडाच्या भिंतीत आणि दगडांच्या सांदीत बसलेली असते. फक्त जनावरावर फवारलं तर ही फौज तशीच राहते.

परजीवीच्या पोटात परजीवी

गोचिडाच्या पोटात त्याहून बारीक परजीवी असतात. हायलोमा गोचीड थायलेरियाचे जंतू पसरवतो. त्यात 104 ते 106 अंश फॅरनहाइट ताप येतो, खांद्यापुढच्या गाठी सुजतात, दूध तुटतं. पहिल्या जातीच्या गोचिडामुळं बबेसिया होतो, त्यात लघवी तांबडी होते. बबेसियाचे जंतू मादीच्या अंड्यांतून पिल्लांत उतरतात, त्यामुळं नुकतं जन्मलेलं पिल्लूही रोग घेऊनच येतं.

गोचिडातून रोग पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1893 मध्ये सिद्ध केलं. तो रोग गाईंचा बबेसियाच होता. अमेरिकेनं 1906 पासून जनावरांना औषधाच्या हौदातून काढायला आणि चराऊ रानं मोकळी ठेवायला सुरुवात केली. 1943 पर्यंत मेक्सिको सीमेची पट्टी सोडून बहुतेक भाग या गोचिडातून मोकळा झाला.

देशी टिकते, संकरित का बसते?

देशी गाय आणि गोचीड यांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा. तिच्या कातडीची प्रतिकारशक्ती बरीच पिल्लं टिकू देत नाही. लहानपणीच थोडा संसर्ग झाल्यानं ती पुढं रोगही सोसते. होल्स्टीन, जर्सीच्या संकरित गाईकडं ही तयारी कमी असते. त्यामुळं तिच्यावर गोचीड जास्त वाढतात आणि थायलेरिया झाला तर वेळेत उपचार न मिळाल्यास ती दगावते.

काय करावं?

• गोठ्यातली सगळी जनावरं आणि गोठा यांची फवारणी एकाच दिवशी करावी. 2-3 आठवड्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, पुन्हा करावी.
• भिंतीच्या फटी लिंपाव्यात, चुना लावावा. शेण-कचरा गोठ्याला लागून साठवू नये.
• औषधाची मात्रा कमी करू नये. अर्धवट मात्रेत कणखर गोचीड वाचतात, त्यांचीच पिल्लावळ वाढते आणि पुढं ते औषध लागू पडत नाही.
• पिकावरची कीटकनाशकं अंदाजानं जनावरावर मारू नयेत, विषबाधा होते. फवारणीआधी पाणी पाजावं, म्हणजे जनावर अंग चाटत नाही. औषधानंतर दूध किती दिवस वापरायचं नाही, ते डॉक्टरांना विचारावं.
• संकरित वासरांना थायलेरियाची रक्षावॅक-टी ही लस देण्याबाबत पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं.
• गोचीड उघड्या हातानं चिरडू नये. हायलोमातून माणसाला काँगो ताप होऊ शकतो. भारतात तो जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत पहिल्यांदा निश्चित झाला.

ताप, सुजलेल्या गाठी किंवा तांबडी लघवी दिसली तर घरगुती उपायात दिवस घालवू नयेत. रक्त तपासून रोग ओळखता येतो आणि दोन्हींवर औषध आहे. मात्र ते सुरुवातीच्या दिवसांतच चांगलं लागू पडतं.