गुणपत्रिकेतील मराठीची जागा

‘परीक्षा’ हा शब्द ‘परि’ आणि ‘ईक्ष्’ यांपासून सिद्ध झाला आहे. चहूबाजूंनी पाहणे, हा त्याचा मूळ अर्थ. आपल्या शाळांतील परीक्षा मात्र बहुधा एकाच बाजूने पाहते. ती जे विचारते ते वर्गात शिकवले जाते; जे विचारत नाही ते वेळापत्रकात असूनही नसल्यासारखे होते. मैलूर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आमच्या भागातील मराठीची स्थिती समजून घ्यावयाची असेल, तर सीमेच्या नकाशाइतकीच गुणपत्रिकाही पाहावी लागते.

निजामी राजवटीत शाळेच्या पायऱ्या तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया या नावांनी ओळखल्या जात. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले. घरात, बाजारात, भजनात मराठी होतीच. परंतु शिक्षणाची पायरी चढावी तसतशी ती मागे पडे. पुढच्या वर्गाचे दार ज्या भाषेने उघडे, तिच्यातच मुलाचे बळ खर्च होई. ‘इम्तिहान’, ‘जमात’, ‘पर्चा’ हे शब्द जुन्या पिढीच्या तोंडी बसले ते याच वाटेने.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ आला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचे दायित्व राज्यांवर आले. हे आश्वासन प्राथमिक टप्प्यापुरतेच होते. दहावीच्या परीक्षेत कोणत्या भाषेला कोणते स्थान, हा प्रश्न त्यापलीकडे उरला.

तो प्रश्न १९८० नंतर उघडपणे पेटला. त्या काळी माध्यमिक शाळेत संस्कृत ही प्रथम भाषा म्हणून घेता येई आणि अधिक गुणांच्या आशेने कन्नड मुलेही ती घेत. परिणामी कन्नडच बाजूला पडे, अशी कन्नड साहित्यिकांची तक्रार होती. तक्रार खोटी नव्हती. वि. कृ. गोकाक यांच्या समितीने १९८१ मध्ये अहवाल दिला आणि कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी, तिला १५० गुण असावेत, अशी शिफारस केली. १९८२ च्या आंदोलनानंतर शासनाने त्या दिशेने आदेश काढला. १९८९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने माध्यमिक शाळेत कन्नड ही एकमेव प्रथम भाषा म्हणून लादणे घटनेशी विसंगत ठरवले. म्हणजे ज्या गुणांच्या गणिताने कन्नडला दुखावले, तेच गणित पुढे मराठी, उर्दू, तमिळ मुलांवर उलटले होते. आमचा विरोध कन्नडला नाही, तसा तो कधी असूही नये. विरोध आहे तो या गणिताला.

आज दहावीची परीक्षा ६२५ गुणांची आहे. त्यांपैकी १२५ प्रथम भाषेचे, उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी शंभर. मराठी माध्यमाच्या मुलास मराठीचे हे १२५ गुण मिळवता येतात. परंतु जे मराठी मूल कन्नड वा इंग्रजी माध्यमात जाते, त्याची पहिली दोन स्थाने बहुधा कन्नड आणि इंग्रजी व्यापतात, तिसऱ्या स्थानी बहुतेक शाळांत हिंदी असते. त्याच्या गुणपत्रिकेत मराठीचे नावही येत नाही. ‘ऐच्छिक’ शब्दात इच्छा आहे. येथे इच्छा असून निवडण्यास काही उरत नाही.

निकालाचा धाकही आहेच. २०२५ च्या दहावीच्या निकालात कलबुर्गी जिल्हा राज्यात शेवटी होता. जेमतेम ४२ टक्के मुले उत्तीर्ण झाली. अशा वेळी शाळेवर दडपण येते, आणि मग पहिली कात्री चित्रकला, खेळ व वाचनाच्या तासांना लागते. मराठीचा तास राहिला तरी तो अपेक्षित प्रश्नांच्या उत्तरांचा होतो. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमांनी शाळेचे अनुदान वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेवर बांधले, तेव्हा इतिहास-भूगोल असेच आक्रसले होते.

सीमेपलीकडील बांधवांनीही याकडे आपले मानून पाहावे. महाराष्ट्राने २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. पण २०२३ मध्ये अन्य मंडळांच्या शाळांतील काही तुकड्यांसाठी तिचे मूल्यमापन श्रेणीपुरते ठेवले, एकूण गुणांत धरले नाही. गुणांवाचून सक्तीचे काय होते, हे तेथील शिक्षकांना विचारावे.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. कन्नड व इंग्रजी माध्यमातील मराठी मुलांना मराठी हा गुणांसह निवडण्याजोगा विषय मिळावा. आणि जेथे मराठी शिकवली जाते, तेथे प्रश्नपत्रिकेत न येणारे एक तरी पुस्तक वर्षभरात मुलांनी पूर्ण वाचावे. पहिली मागणी शासनाकडे आहे; दुसरीसाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. आठवीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना प्रथम भाषेच्या रकान्यात काय लिहितो, हे मात्र प्रत्येक पालकाने थांबून पाहावे.