मांडीवरची गिटार

कसबा बावड्यातील एका कुटुंबाच्या घरी एक वाद्य आहे. प्रथम पाहणाऱ्यास ती गिटार आहे हे सांगूनही पटत नाही. तिला पोट नाही, नादाचे भोक नाही, कमरेचा नाजूक बाकही नाही. जुन्या घरांतील विजेची काळी बटणे ज्या बेकेलाइटची असत, त्याच बेकेलाइटचे तिचे ओतीव अंग आहे. लांबीला बेताची, पण उचलावयास गेलो तर हात खाली यावा इतकी जड. तारांच्या एका टोकाशी घोड्याच्या नालांसारखे दोन लोहचुंबक समोरासमोर बसविले आहेत आणि सहाही तारा त्यांच्या कमानीखालून जातात. शिरोभागावरील पत्र्याच्या पट्टीवर 'रिकनबॅकर' हे नाव झिजत आलेले असले तरी वाचता येते. घरातील आजोबांनी ऐंशी कधीच ओलांडली आहे. तरुणपणी मुंबईत नोकरी करीत असताना त्यांनी ती एका वादकाकडून जुनी म्हणून विकत घेतली. ती खांद्याला अडकवून वाजवावयाची नसून मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत दांडा धरून तो तारांवरून सरकवावयाचा आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडावयाच्या.

या वाद्याशी आमचा एक जुना हिशेब आहे. तो पुढे सांगू. आधी वाद्याची कुळकथा पाहणे बरे.

विजेची गिटार म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे रंगमंचावर उड्या मारणारा, केस वाढविलेला तरुण उभा राहतो. पण या घराण्यातील थोरली बहीण अशी नव्हती. पोलादाने तारा घासून स्वर काढण्याची रीत हवाई बेटांतील. जोसेफ केकुकू या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती रूढ केली असे मानले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेला या वादनाचे वेड लागले. पण पितळी वाद्यांच्या ताफ्यात गिटारचा नाजूक आवाज बुडून जाई. जॉर्ज बीचम हे स्वतः हवाइयन गिटार वाजवीत. त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये, मूळचे स्वित्झर्लंडचे असलेले कारागीर अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने यावर तोड काढली. १९३१ साली नमुना तयार झाला आणि १९३२ साली वाद्य बाजारात आले. अॅल्युमिनियमचे, गोल अंगाचे आणि लांब दांड्याचे. लोकांनी त्याचे नाव 'फ्राइंग पॅन' ठेवले! दिव्यांच्या उष्णतेने अॅल्युमिनियम प्रसरण पावे व स्वर ढळे, म्हणून १९३५ पासून बेकेलाइटची गिटार निघाली. बावड्यातील गिटार या दुसऱ्या पिढीची.

तिची युक्ती समजावयास सोपी आहे. आमच्या शेजारच्या मिरजेत सतारी आणि तंबोरे घडतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील कारागिराची सारी विद्या भोपळ्यात आणि लाकडात असते, कारण तारेचा कंप त्या पोकळीत घुमून मोठा व्हावयाचा असतो. येथे पोकळीच नाही. पोलादी तार लोहचुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की शेजारच्या तांब्याच्या गुंडाळीत अगदी क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो. तो अॅम्प्लिफायरमध्ये वाढवून कर्ण्यातून बाहेर काढावयाचा. म्हणूनच वीज नसेल तर ही गिटार जवळजवळ मुकी असते. हे विजेचे यंत्र की वाद्य, असा प्रश्न अमेरिकेच्या पेटंट कार्यालयालाही पडला होता. वादक पाठवून तेथे ते वाजवून दाखवावे लागले, असे सांगतात. १९३४ साली केलेल्या अर्जावर पेटंट मिळावयास १९३७ साल उजाडले. तोवर इतरांनी नकलाही केल्या होत्या.

१९३२ हे साल कोल्हापूरकरांना वेगळ्या कारणासाठी पाठ असते. त्याच वर्षी येथे 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट काढला. गोविंदराव टेंबे त्याचे संगीतकार आणि हरिश्चंद्रही तेच. मूक पडदा ज्या वर्षी कोल्हापुरात मराठी बोलू लागला, त्याच वर्षी गिटारलाही विजेचा कंठ फुटला, आणि दोन्ही चमत्कारांच्या मुळाशी क्षीण विद्युत्स्पंदन मोठे करणारी तीच काचेची व्हॉल्व्ह होती. केकुकू मात्र त्याच वर्षी जानेवारीत निवर्तले.

आपल्या देशाने हे वाद्य पाहुणे म्हणून फार दिवस ठेवले नाही. टाऊ मो हे हवाई बेटांत वाढलेले कलावंत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंबासह कलकत्त्यात राहिले, आणि बंगालमध्ये हवाइयन गिटार घरोघरी शिरली. अखंड मींड पोलादी दांड्याखाली सहज येते; आपल्या कानाला आणखी काय हवे? पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे शिकून गिटारवर राग मांडले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या बरोबरीने त्यांची गिटार आहे.

पण आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे असे नाव व्हॅन शिप्ले यांचे. लखनौच्या ख्रिस्ती कुटुंबात १९२७ साली जन्मलेले हे कलावंत व्हायोलिन आणि विजेची गिटार दोन्ही वाजवीत. त्यांची गिटार आठ तारांची होती. चित्रपटगीतांच्या त्यांनी वाजविलेल्या धुनी एका पिढीने रेडिओवर ऐकल्या. त्यांच्या कित्येक ध्वनिमुद्रिकांत अॅकॉर्डियनची साथ आहे ती पुण्याच्या ईनॉक डॅनिएल्स यांची, तेही ख्रिस्ती. शिप्ले २००८ साली मुंबईत वारले. या दोघांची नावे निदान मुद्रिकांच्या वेष्टनावर छापली गेली. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदात आयुष्य काढणाऱ्या शेकडो कॅथलिक वादकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाला ठाऊक झाले ते १९७७ सालच्या एका चित्रपटगीतामुळे, आणि तेही लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांचे शिष्य होते म्हणून. बहुतेकांना ते कल्पित पात्रच वाटले!

आता आमचा हिशेब. दोन हजार तीनच्या सुमारास, आम्ही या भागात नव्याने सेवेस आलो असताना, आजोबांच्या पत्नीचे निधन झाले. अंत्यविधीच्या मिस्सेत, ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरच्या शांततेत, त्यांना गिटारवर एक भक्तिगीत वाजवावयाचे होते. "फादर, तिला लई आवडायचं हे वाद्य. एकच गाणं वाजवतो," एवढेच ते म्हणाले. आम्ही नाही म्हटले.

आमच्यापाशी आधार नव्हता असे नाही. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या आदेशात पियानो आणि गोंगाटी अथवा थिल्लर वाद्ये चर्चमध्ये निषिद्ध ठरविली होती. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांना, ती पवित्र कार्यास योग्य असल्यास, दार उघडले. १९६७ च्या सूचनापत्राने मात्र लोकमतानुसार व रूढीनुसार केवळ ऐहिक संगीताचीच म्हणून गणली जाणारी वाद्ये वर्ज्य मानली. सेमिनरीत पाठ केलेले हे वाक्य आम्ही आजोबांना ऐकविले. ही सिनेमाची गिटार, असे आम्ही धरून चाललो. त्याच सूचनापत्रात निरनिराळ्या लोकांच्या संस्कृतीचा व परंपरेचा विचार करावा असेही म्हटले आहे. ते आम्हांस त्या दिवशी आठवले नाही. "पेटी आहे ना, पुरे," असेही आम्ही म्हणालो.

पेटी! पॅरिसमध्ये जन्मलेले, मिशनऱ्यांबरोबर येथे आलेले वाद्य. आकाशवाणीने १९४० साली तिला परकी आणि आपल्या श्रुतींना प्रतिकूल म्हणून बंदी घातली, ती १९७१ साली सैल झाली. 'अयोध्येचा राजा'चे संगीतकार टेंबे तिचेच थोर वादक. सिनेमात वाजली म्हणून आम्ही पेटीला कधी दाराबाहेर ठेवले नाही.

आजोबांनी वाद घातला नाही. ते दर रविवारी मिस्सेस येत राहिले, गिटारविषयी पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. आमची बदली झाली, आणखी झाल्या, आणि गेल्या काही वर्षांत आम्ही पुन्हा याच भागात आलो. तेव्हा कळले की २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी वस्तीकडे सरकू लागताच आजोबांनी आधी गिटार माळ्यावर चढविली आणि मग घराचे कागद. बेकेलाइटला दमटपणाचे भय नाही. तंबोरा असता तर फुगला असता. पण अॅम्प्लिफायर खालीच राहिला आणि भिजला. गिटार शाबूत, पण मुकी. मुंबईहून कोणी संग्राहक येऊन बरी किंमतही सांगून गेला होता. आजोबांनी त्याला चहा पाजून परत पाठविले.

शहरातील एका जुन्या रेडिओ मेकॅनिकने अॅम्प्लिफायर खोलून वाळविला, दोन व्हॉल्व्ह बदलली. त्याला हे काम देताना खर्च आम्ही करू असे म्हणालो, तो आजोबांनी करू दिला नाही. मग २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, गिटार मिस्सेत वाजवाल का असे आम्हीच विचारले. त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. बोटे थरथरत होती. "आता मला नाही व्हायचं, फादर. नातीला शिकवलंय थोडं."

नात बारावीत आहे. तिने गिटार मांडीवर घेतली, अॅम्प्लिफायरचा आवाज अगदी कमी ठेवला आणि आजोबांना तेव्हा वाजवावयाचे होते तेच गीत वाजविले. चर्चमध्ये कोणी मान वळवून पाहिले नाही. पुष्कळांना ते व्हायोलिन वाटले असे मागाहून कळले. मिस्सा संपल्यावर आम्ही पहिल्या बाकाकडे गेलो. आजोबा आमच्याकडे न पाहता नातीला सांगत होते की तिसरी तार थोडी उतरली होती, घरी गेल्यावर आधी ती चढव.