पाहिलं कोणी?

दिंडीचा इतिहास लिहायचा तर नुसतं गोड लिहून भागत नाही. मी लहानपणी आईबरोबर वारीत चालायचो, तेव्हा आमच्या आळीतल्या एका विधवेला लोक चेटकीण म्हणायचे. तिच्या नजरेनं म्हैस आटली, अशी बोलवा. मुक्कामावर तिच्या हातचं पाणी कोणी घेत नसे. मीही घेतलं नाही.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून गाव धावलं. वाटी घेऊन मीही रांगेत. दूध मूर्तीवरून ओघळून पायाशी साचलेलं, पण खाली बघतो कोण? घरी आल्यावर मनात आलं, त्या म्हशीचं तरी कोणी पाहिलं होतं? विचारत गेलो. जो तो दुसऱ्याचं नाव सांगे. शेवटी म्हशीचा धनीच सापडला. म्हणाला, "अरं, दिवस भरत आले होते तिचे, आटणारच की!" बाई तोवर वारली होती.

जादूटोणाविरोधी कायद्याला आपल्यातल्या काही मंडळींनी विरोध केला, त्यांत मीही होतो. कीर्तन बंद पाडतील, असं ऐकलेलं. २०१३ च्या ऑगस्टात दाभोलकरांचा खून झाला, डिसेंबरात कायदा आला. नातवाकडून वाचून घेतला. वारी, कीर्तन, भजन यांना त्यात मोकळीक आहे. बाईला चेटकीण ठरवणं हा मात्र गुन्हा.

या अंकासाठी दिंडीची जुनी वही चाळली. वर्गणीच्या पानावर सगळ्यांची नावं आहेत. तिचा सव्वा रुपया तेवढा 'एक बाई' म्हणून लिहिलाय.